शिंगाचा वारसा

माडांच्या गावात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना गेंड्या भुंगा कसा असतो ते सांगायला नको. काळा कुळकुळीत, अंगठ्याएवढा, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. माडाच्या शेंड्यातल्या न उलगडलेल्या कोवळ्या पानांत शिरून तो ती कुरतडतो, आणि पुढे पान उलगडलं की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. मोठ्यांच्या लेखी तो वैरी, आमच्या लेखी खेळणं. एकदा माझ्याकडे चपलेच्या खोक्यात असे दोन भुंगे होते. एक जरासाच मोठा, पण शिंग कसं ठसठशीत. दुसरा थोडासाच लहान, पण शिंगाच्या जागी नुसतं टेंगूळ. मोठा तो नर आणि लहान ती मादी असं आम्ही ठरवून टाकलं आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. अंग थोडं वाढलं की एखादा अवयव किती वाढावा, हे कोण ठरवतं? आणि एकदा ठरलेलं ते प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं की बदलतं? प्रश्न ऐकायला साधा आहे. पण त्याच्यामागे मोठमोठी माणसं दीडशे वर्षं फुटपट्टी घेऊन फिरली आहेत, आणि त्यांची गोष्ट मला भुंग्याइतकीच मजेदार वाटते.

सुरुवात डार्विनपासून करू. 1871 साली आलेल्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याने शिंगं असलेल्या भुंग्यांवर बरंच लिहिलंय. एकाच जातीच्या नरांमध्ये शिंगाची लांबी इतकी कमीजास्त कशी, हे त्याला खटकत होतं. शिंगं लढण्यासाठी असतील तर ती झिजलेली, तुटलेली दिसायला हवीत, आणि तशा खुणा त्याला सापडेनात. म्हणून त्याने निष्कर्ष काढला की हा दागिना असावा, माद्यांना भुलवण्यासाठी. भुंग्यांबाबत तो इथे चुकला. पुढे लोकांनी भुंग्यांच्या बिळांत डोकावून पाहिलं तेव्हा नर शिंगं अडकवून चांगले हातघाईवर आलेले दिसले. पण डार्विनने ज्याच्यावर बोट ठेवलं होतं ते बरोबर होतं. एकाच जातीत एवढी तफावत का?

मोजमापाला हात घातला विल्यम बेटसनने. 'जेनेटिक्स' हा शब्द ज्याने 1905 साली रूढ केला तोच हा बेटसन. 1892 साली त्याने आणि ब्रिंडलीने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांवरचे इयरविग होते. इयरविग म्हणजे शेपटीला चिमटा असलेला एक किडा. नरांचे चिमटे मोजून त्यांनी आलेख काढला तर मधे एक टेकडी येण्याऐवजी दोन टेकड्या आल्या. बरेचसे आखूड चिमट्याचे, बरेचसे लांब चिमट्याचे, मधले अगदी थोडे. शिंगं असलेल्या एका भुंग्यातही असंच. बेटसनला हवा होता तो पुरावा मिळाला. निसर्ग नेहमी हळूहळू सरकत नाही, कधी कधी उडीही मारतो, हे त्याचं म्हणणं होतं.

पुढची पायरी ज्युलियन हक्सलीची. 1924 साली त्याने फिडलर खेकड्यांची मापं मांडली. या खेकड्याच्या नराची एक नांगी अवाढव्य असते. हक्सलीने नांगीचं वजन आणि बाकीच्या शरीराचं वजन यांचे लॉगॅरिदम घेऊन आलेखावर ठिपके मांडले, आणि ते ठिपके चक्क सरळ रेषेत आले.

ही रेषा म्हणजे काय ते शिंप्याच्या दुकानात समजतं. छातीचं माप दुप्पट झालं म्हणून बाही दुप्पट झाली, तर कपडा सगळीकडून सारखाच वाढला. हक्सलीच्या भाषेत इथे घातांक 1. बाही चौपट झाली तर घातांक 2, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाची बाही नुसती मोठी नाही, तर त्याच्या अंगाच्या मानानेही लांब. आणि बाही जवळपास तेवढीच राहिली तर घातांक शून्याच्या आसपास. घातांक एवढा एक आकडा कळला की त्या जातीचा शिंपी कोणत्या हिशोबाने बेततो ते कळलं. 1927 साली हक्सलीने बेटसनचेच इयरविग पुन्हा हाती घेतले आणि त्या दोन टेकड्यांचा संबंध अशा असमान वाढीशी जोडला. 1932 साली त्याचं 'प्रॉब्लेम्स ऑफ रिलेटिव्ह ग्रोथ' आलं, आणि 1936 साली त्याने व फ्रान्सच्या जॉर्ज तेसिएने मिळून या सगळ्या प्रकाराला नाव दिलं, अ‍ॅलोमेट्री.

सरळ रेषेत एक मोह असतो. ठिपके रेषेत आले की माणसाला वाटतं, नियम सापडला. आणि नियम सापडला की वाटतं, आता सुटका नाही. हक्सलीच्या रेषेचंही थोडंफार तेच झालं. आयरिश एल्क नावाच्या नामशेष हरणाची प्रचंड शिंगं घ्या. मोठं शरीर फायद्याचं म्हणून शरीर वाढत गेलं, आणि रेषेच्या नियमाने शिंगं मागून फरफटत आली, असं सांगितलं जाऊ लागलं. स्टीफन जे गुल्डने 1974 साली या हरणाच्या कवट्या आणि शिंगं मोजली. रेषा खरोखरच होती. पण शिंगांना स्वतःचा उपयोग होता, निवड शिंगांचीही होत असणार, असं त्याने बजावलं. म्हणजे वाद आता नेमका झाला. रेषेने उत्क्रांतीला बांधून ठेवलंय, की उत्क्रांतीनेच रेषा आखली आहे?

इथे कीटक मदतीला येतात, कारण कीटकांचं वाढणं हरणासारखं नसतं. भुंगा एकदा कोषातून बाहेर आला की तो वाढत नाही. लहान भुंगा पुढे मोठा भुंगा होईल असं नाहीच. जे काय वाढायचं ते अळीने खाऊन वाढायचं. गंमत म्हणजे शिंग तयार होतं ते अगदी शेवटी, अळीने खाणं थांबवल्यावर, कोषात जाण्याच्या सुमारास. महिन्याचा पगार हातात पडलेला आहे, नवीन पैसा येणार नाही, आता काय ती वाटणी करायची. शिंगाला किती, डोळ्यांना किती, पंखांना किती. म्हणजे भुंग्यांच्या आलेखावरची रेषा ही कुणा एकाच्या वाढीची वाट नव्हे. तिच्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे वेगळा संसार आणि वेगळं बजेट. मग या सगळ्या संसारांचे हिशोब एका रेषेत कसे येतात?

1990च्या दशकात डग्लस एम्लेन यांनी पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर याचं उत्तर शोधलं. तिथे ऑन्थोफॅगस अक्युमिनेटस नावाचा बारीकसा शेणकिडा आहे. तो हाउलर माकडांच्या विष्ठेवर जगतो. मादी विष्ठेखाली बीळ खणते, आत विष्ठेचे गोळे करून ठेवते आणि प्रत्येक गोळ्यात एक अंडं घालते. अळीला जन्मभराचा शिधा तेवढाच. मोठ्या नराला शिंगं असतात. तो बिळाच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि दुसऱ्या नराला आत येऊ देत नाही. लहान नराला शिंगं जवळपास नसतातच. तो भांडायच्या भानगडीत न पडता बाजूने आपलं वेगळं बीळ खणतो आणि पहारेकऱ्याला चुकवून थेट आत मादीपाशी पोचतो.

आता आपल्याकडची म्हण लावायची तर खाण तशी माती. शिंगवाल्या बापाला शिंगवाले मुलगे व्हायला हवेत. एम्लेन यांनी ते तपासलं, आणि तसं काही दिसेना. बापाच्या शिंगावरून मुलाचं शिंग सांगता येत नव्हतं. मुलाचं शिंग ठरत होतं ते लहानपणी मिळालेल्या शिध्यावर. शिधा भरपूर तर अंग मोठं, अंग एका मर्यादेपलीकडे गेलं की शिंग. शिधा कमी तर बिनशिंगी. 1994 साली हे प्रसिद्ध झालं. वाचणाऱ्याला वाटावं, चला, सगळा परिस्थितीचा खेळ. वारशाचा संबंध नाही, आणि ज्याचा वारसा नाही त्याची उत्क्रांती तरी कशी होणार?

पण एम्लेन इथे थांबले नाहीत. पुढच्या प्रयोगात त्यांनी वेगळ्या पद्धतीने नर निवडले. सर्वात लांब शिंगाचे नर घ्यायचे नाहीत, तर आपल्या अंगाच्या मानाने लांब शिंगाचे घ्यायचे. म्हणजे रेषेच्या वर असलेले. दुसऱ्या गटात रेषेच्या खाली असलेले. अशा सात पिढ्या काढल्या, आणि दोन्ही गटांच्या रेषा एकमेकींपासून दूर सरकल्या. एका गटात आता लहान अंगालाही शिंग फुटू लागलं, दुसऱ्यात त्यासाठी अंग आणखी मोठं व्हावं लागू लागलं. 1996 साली हा निबंध आला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. कारण आपण सगळे ज्या वादात वाढलो, रक्ताचं की संगतीचं, घराण्याचं की परिस्थितीचं, त्या वादातला प्रश्नच चुकीचा मांडला जातो हे एका शेणकिड्याने दाखवून दिलं होतं. शिंग वारशात मिळत नाही. वारशात मिळतो तो शिंगाचा नियम. इतका शिधा मिळाला तर असं कर, तितका मिळाला तर तसं कर. बापाकडून मुलाला वाडा मिळत नाही, मिळतो तो वाटणीचा कागद. वाट्याला प्रत्यक्ष काय येणार ते त्या वर्षीच्या पिकावर अवलंबून. पण कागदावरचं कलम बदलू शकतं, आणि पिढ्यांमागून पिढ्या तेच बदलत जातं. हक्सलीची रेषा हाच तो कागद.

प्रयोगशाळेत होतं ते बाहेर होतं का? याचं उत्तर गाईंनी दिलं. ऑस्ट्रेलियात युरोपीय लोकांनी गाई नेल्या. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, त्यांना गाईचं ओलं शेण झेपेना. माळावर शेणाचे पोह वाळत पडू लागले, त्यात माशा वाढू लागल्या. तेव्हा जॉर्ज बोर्नेमिसा या मूळच्या हंगेरीच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1960च्या दशकापासून बाहेरचे शेणकिडे मुद्दाम आणून सोडण्यात आले. त्यांत भूमध्य समुद्राकाठचा ऑन्थोफॅगस टॉरस होता. बैलासारखी दोन वळलेली शिंगं, म्हणून टॉरस. हाच किडा 1970च्या दशकात अमेरिकेतही आढळला, तिथे मात्र कुणी न बोलावता आलेला. पुढे आर्मिन मोचेक आणि सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातले आणि अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातले किडे शेजारी ठेवून मोजले. किती मोठ्या अंगाला शिंग फुटतं, ती मर्यादा दोन्हीकडे वेगळी झाली होती. ऑस्ट्रेलियात शिंगासाठी अंग जास्त मोठं लागत होतं. दोघांना एकाच प्रयोगशाळेत सारख्याच शेणावर वाढवलं तरी फरक राहिला. म्हणजे कागदावरचं कलमच बदललं होतं, तेही चाळीस वर्षांच्या आत.

का बदललं असावं? पश्चिम ऑस्ट्रेलियात एकेका पोहात किड्यांची गर्दी फार. जिथे पावलोपावली धटिंगण उभे आहेत तिथे मध्यम बांध्याच्या नराने शिंगं काढून मार खाण्यापेक्षा बिनशिंगी राहून बाजूचं बीळ धरलेलं बरं. मोचेक यांनी सुचवलेलं स्पष्टीकरण साधारण असं आहे, आणि ते मला पटतं.

शिंग फुकट नसतं, हेही याच सुमारास कळलं. एम्लेन यांनी 2001 साली दाखवलं की शेणकिड्यांत शिंग ज्या जागी उगवतं तिथल्या शेजाऱ्याच्या तोंडचा घास जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला शिंग असेल तर डोळे लहान, पुढच्या बाजूला असेल तर मिशा लहान, छातीवर असेल तर पंख लहान. त्याआधी 1998 साली फ्रेडरिक नायहाउट आणि एम्लेन यांनी फुलपाखराच्या अळीतून मागच्या पंखांची बीजं काढून टाकली, तर पुढचे पंख मोठे झाले. एकाच्या वाट्याचं दुसऱ्याला. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि वाटणी करतं कोण? जे आपल्या ओळखीचं आहे तेच, इन्सुलिन. किड्यांतही इन्सुलिनसारखी द्रव्यं असतात आणि शरीरात पोषण किती आहे याची वर्दी ती पेशींना देतात. 2012 साली एम्लेन आणि सहकाऱ्यांनी जपानी गेंडा भुंग्यात ही वर्दी ऐकणारी यंत्रणा मंद केली. शिंग सुमारे 16 टक्क्यांनी आखूडलं, पंख जेमतेम 2 टक्क्यांनी, आणि जननेंद्रियांवर काहीच परिणाम नाही. म्हणजे निरोप सगळ्यांना एकच जातो, पण शिंगाचे कान फार तिखट, पंखांचे बेताचे, आणि जननेंद्रियं बहिरी. बहिरी असण्यातही शहाणपण आहे. नर लहान असो की मोठा, मादीशी जुळण्यासाठी तो अवयव साधारण एकाच मापाचा लागतो. हक्सलीचा घातांक म्हणजे दुसरं काय, तर कुणाचे कान किती तिखट याचा हिशोब. कान बदलले की रेषा बदलली.

मग रेषा हवी तशी वाकवता येते का? इथे मात्र हात आखडता घ्यायला हवा. जेराल्ड विल्किन्सन यांनी 1993 साली, म्हणजे एम्लेन यांच्याही आधी, देठांच्या टोकांवर डोळे असलेल्या मलेशियातल्या माश्यांवर निवडीचा प्रयोग करून रेषा हलते हे दाखवलं होतं. 2005 साली अँथनी फ्रँकिनो आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या एका फुलपाखरात पंख आणि शरीर यांचं प्रमाण दोन्ही दिशांना सरकवलं. ते सहज सरकलं. पण असे बदललेले नर आणि नेहमीच्या प्रमाणाचे नर एकत्र सोडले तेव्हा माद्या मिळवण्यात नेहमीचेच सरस ठरले. म्हणजे प्रमाण टिकून होतं ते बदलता येत नाही म्हणून नव्हे, तर बदललेल्याचं बाहेर निभत नाही म्हणून.

रेषा वर-खाली सरकवणं एक, तिचा चढ बदलणं दुसरं. गेइर बोल्स्टाड आणि सहकाऱ्यांनी फळमाशीच्या पंखावर 26 पिढ्या निवड करून चढही बदलून दाखवला. 2015 साली ते प्रसिद्ध झालं. पण निवड थांबवली आणि माश्यांना त्यांच्या मनासारखं जगू दिलं, तर थोड्याच पिढ्यांत चढ पुन्हा पहिल्यासारखा होऊ लागला. एक कलम बदललं की त्याला जोडलेली दहा कलमं ओढली जातात आणि कुठेतरी दुखतं, असाच याचा अर्थ लागतो. म्हणजे हक्सलीच्या काळी ज्यांना रेषेत बेडी दिसली ते अगदीच चुकले नव्हते. बेडी नाही, पण आपलं मूळ वळण पुन्हा धरणारा पिंपळाचा कोंब म्हणता येईल.

दीडशे वर्षांत या लोकांना मिळालेलं उत्तर मला असं समजलं. रेषा हा निसर्गाचा अटळ कायदा नाही, आणि कुणी खडूने मारली, कुणी पुसली अशीही ती नाही. ती जुन्या तडजोडींची नोंद आहे. त्या त्या काळी ज्या वाटणीने संसार चालले ती वाटणी टिकली. पुढे गर्दी बदलली, शेण बदललं, खंड बदलला, की तिचा पुन्हा विचार होतो. आणि त्या आलेखात खाली डाव्या कोपऱ्यात जे बिनशिंगी ठिपके आहेत ते नापास झालेले नर नव्हेत. शिधा कमी मिळाला तर काय करायचं, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. ते निमूटपणे वाचून बाजूचं बीळ खणणारे ते शहाणे आहेत. आतापर्यंत माझं लक्ष नेहमी रेषेच्या वरच्या टोकाकडेच जायचं, हे मला जरा लाजिरवाणंच वाटलं.

आता राहिला तो खोक्यातला दुसरा भुंगा. गेंड्या भुंग्यात मादीलाही शिंग असतं, पण आखूड. त्यामुळे आमचा अंदाज बरोबरही असेल. पण लहानपणी पोट न भरलेल्या नराचंही शिंग आखूडच राहतं. ओळखायची खूण शिंगावर नाहीच. भुंगा उलटा करून पोटाचं टोक बघायचं. तिथे तांबूस लव दाट असेल तर मादी, नसेल तर नर. एवढं साधं होतं.

आम्ही त्याला उलटा करून पाहिलंच नाही. शिंग बघितलं आणि निकाल देऊन टाकला.